ऑगस्टमध्ये मेलेला युक्का

माझा पहिला युक्का मे महिन्यात टिकला आणि ऑगस्टमध्ये गेला. पुण्यातली पश्चिमेची गच्ची, दुपारी अनवाणी पाय टेकवणार नाही अशी फरशी आणि आम्ही बारा दिवस गावी. परत आलो तर जास्वंदीच्या काटक्या झालेल्या, युक्का मात्र टोकदार पानांच्या तलवारी परजून उभा. मग पाऊस लागला. कुंडीखालची बशी काढायचं कुणालाच सुचलं नाही. एके सकाळी पिवळं पान ओढायला गेलो तर अख्खा शेंडाच हातात आला. बुंध्याच्या आत चहात बुडवून विसरलेल्या पावासारखा लगदा, आणि वास नासक्या बटाट्याचा.

नर्सरीवाले काका म्हणाले, "याला पाणी लागत नाही, सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ 'घालायला विसरलं तरी चालतं' एवढाच घेतला होता.

युक्का मुख्यतः मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा. कुळ शतावरीचं, आपल्याकडे बांधावर दिसणारं घायपात आणि घरोघरचा स्नेक प्लांट हे त्याचे भाऊबंद. नाव मात्र उसनं, तेही चुकून आलेलं. 'युका' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द कसाव्यासाठीचा, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या झाडासाठीचा. युरोपात पोचलेल्या जुन्या वर्णनांत दोन्हींची गल्लत झाली आणि झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तेच नाव या टोकदार झाडाला कायमचं चिकटवलं. उपासाला याचा कंद उकडून बघू नये, इतकंच.

आता ही झाडं उन्हाळा काढतात कशी? यासाठी मेक्सिकोला जायची गरज नाही, कुंडीतली पानफुटी पुरे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी तिचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. १८१५ साली हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. मीही करून पाहिलं. सकाळी सहाच्या पानाला कच्च्या कैरीची नसली तरी अंबाड्याच्या भाजीची आठवण यावी इतपत आंबटपणा होता. दुपारी तेच झाड पाणचट.

एरवी झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडतात. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर दार उघडावं लागतं, आणि उघड्या दारातून पाण्याची वाफ बाहेर पडतेच. पानफुटी, घायपात, कोरफड, निवडुंग यांनी कामाची वेळच बदलली. दार रात्री उघडायचं, आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवायचा आणि दिवसा दार लावून आतल्या आत उन्हात साखर करायची. सकाळचा आंबटपणा म्हणजे ही रात्रीची साठवण. पद्धतीला नावही पानफुटीच्या कुळावरून पडलं: क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबोलिझम, थोडक्यात 'कॅम'. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना भात-गव्हासारखं झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतं, कॅमवाल्यांचं ५० ते १०० ग्रॅममध्ये भागतं.

गंमत अशी की सगळे युक्के यात बसत नाहीत. युक्का ॲलोइफोलिया कॅम वापरतो, युक्का फिलामेंटोसा चारचौघांसारखा दिवसाच दार उघडतो, आणि या दोघांचा संकर असलेला युक्का ग्लोरिओसा दोन्ही थोडं थोडं करतो. टोकदार पान बघून झाडाचं वेळापत्रक सांगता येत नाही.

माझ्या युक्काचं मरणही या काटकसरीतच होतं. कमी पिणारं झाड कुंडी लवकर रिकामी करत नाही. जास्वंद दोन दिवसांत माती सुकवते. युक्काच्या कुंडीत, त्यातही कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरलं असेल तर, ओल आठवडाभर मुरते. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंदगतीने सरकतो. मुळं गुदमरतात, मग बुरशी उरलेलं काम करते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. त्याच्याकडे 'वाफसा' हा नेमका शब्द आहे, ओल आणि हवा दोन्ही जमेल अशा जमिनीसाठी. युक्काच्या मुलखात, अमेरिकेच्या मोहावे वाळवंटातल्या लास वेगासला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात ७०० च्या वर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कोकणाचं तर बोलायलाच नको.

म्हणून दुसऱ्या युक्कासाठी मी खताआधी मुरूम आणला. दोन वाटे मुरूम आणि विटांचे तुकडे, एक वाटा माती, तळाला मोठं भोक, बशी रद्द. जमिनीत, विशेषतः काळ्या मातीत लावायचा असेल तर फूटभर उंचवटा करून त्यावर लावावा. आळं करू नये, ते आपल्या हाताची सवय म्हणून होऊन जातं. फाटकाजवळ किंवा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ही झाडं नकोत. मी टोकं नेलकटरने कापतो, झाडाला काही होत नाही. घायपाताची पानं तोडताना हातमोजे घालावेत: त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात, खाज दोन दिवस सोडत नाही.

घायपात एकदाच फुलतं आणि मरतं. युक्का फुलून पुढे जगतो, पण फळ धरायला त्याला बहुधा एक विशिष्ट पतंग लागतो. कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७२ च्या सुमारास अमेरिकेत त्याचं काम उलगडलं. मादी तोंडाजवळच्या वाकड्या अवयवांनी पराग गोळा करून त्याचा गोळा वळते, दुसऱ्या फुलाच्या अंडाशयात अंडी घालते आणि मग वर चढून तो गोळा स्त्रीकेसराच्या टोकावरच्या खळगीत दाबून बसवते. अळ्या काही बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. अंडी जास्त झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं. डार्विनने १८७४ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात परागीभवनाचं आजवर छापलेलं सर्वांत अद्भुत उदाहरण म्हणून याचाच उल्लेख केला.

तो पतंग आपल्याकडे नाही. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यातला जुना युक्का यंदा फुलला, पांढऱ्या घंटांचा माणसाएवढा तुरा. मी शिडी लावून, मुलीच्या रंगाच्या ब्रशने पराग खळगीत कोंबायचा प्रयत्न केला. चिकट पराग ब्रशलाच धरून बसला. चार दिवसांनी फुलं पार्किंगमध्ये पडायला लागली आणि वॉचमनकाका रोज सकाळी ती सुपडीत भरून न्यायचे.