साडेपाच टक्क्यांतली माणसं

शिवाजी उद्यमनगरात पाळी सुटताना फाउंड्रीच्या दारासमोरच्या चहाच्या गाड्यावर दोन विषय हमखास निघतात: कुणाचं काम सुटलं आणि कशाचा भाव वाढला. कोल्हापुरात कथा लिहिणाऱ्याला हे बोलणं आयतं मिळतं. या दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, यावर मात्र अर्थशास्त्रात मोठा वाद झाला आहे आणि त्या वादात कथांची कितीतरी बीजं पडून आहेत.

त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव बिल फिलिप्स यांचं. १९१४ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात विजेचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकायला आला आणि १९४९ मध्ये त्याने एक यंत्र बांधलं. पारदर्शक नळ्या, टाक्या, झडपा आणि त्यांतून वाहणारं रंगीत पाणी. पाणी म्हणजे देशातला पैसा. कर वाढवला की एक झडप फिरायची, बचत वाढली की दुसऱ्या टाकीची पातळी चढायची. लेथवर हात बसलेला आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री ते यंत्र पाहून हरखून गेला असता.

१९५८ मध्ये फिलिप्सने ब्रिटनची १८६१ ते १९५७ पर्यंतची आकडेवारी मांडून दाखवलं, की बेकारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते आणि बेकारी वाढली की मजुरीची वाढ मंदावते. त्याचा अंदाज होता, की अडीच टक्क्यांच्या आसपास बेकारी असेल तर भाव स्थिर राहतील. मजुरीच स्थिर ठेवायची तर बेकारी साडेपाच टक्क्यांच्या आसपास लागेल.

या साडेपाचवर माझं बोट दर वेळी अडतं. शंभरांतली पाच-सहा माणसं घरी बसली, की बाकीच्यांची मजुरी जागच्या जागी राहते. ती माणसं कोण? आपण घरी बसल्यामुळे काहीतरी स्थिर राहिलंय, हे त्यांना कुणी सांगितलं का? आलेखावर त्यांचा एक ठिपका होतो, आणि कथेला तेवढा ठिपका पुरतो.

१९६० मध्ये सॅम्युएलसन आणि सोलो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी फिलिप्सच्या आलेखातली ही रेषा अमेरिकेला लावून पाहिली आणि थोडी महागाई सोसली तर थोडी बेकारी कमी करता येईल, असा अर्थ रूढ झाला. त्याला तडा दिला फेल्प्स आणि फ्रीडमन या दुसऱ्या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी, १९६७-६८ च्या सुमारास. त्यांचं म्हणणं असं, की माणसं पुढच्या भावांचा अंदाज बांधून मजुरी मागतात. अंदाज चुकला तर काही काळ फसतात, मग शहाणी होतात आणि जास्त मागू लागतात. सत्तरच्या दशकात महागाई आणि बेकारी हातात हात घालून वाढल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं पटू लागलं.

हे समजून घ्यायला मला ऊसतोडीची उचल आठवते. बीडकडचा एखादा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतो. टनामागचा दर करारात ठरलेला. मग पंचगंगेच्या काठी पाल टाकून महिनोन्‌महिने तोडणी चालते, आणि तेवढ्यात तेलाचा, ज्वारीचा भाव सरकलेला असतो. रक्कम ठरली तो दिवस आणि ती खर्च होते तो दिवस, यांच्यामधल्या अंतरात भाव किती सरकतील या अंदाजाला अर्थशास्त्रज्ञ अपेक्षा म्हणतात. त्या अंतरात पालावर नवरा-बायको काय बोलतात, ते ऐकणं कथाकाराचं काम.

आपल्या मातीत भाव आणि मजुरी यांच्या नात्याचा विचार फिलिप्सच्या खूप आधी झाला होता, हे इथे सांगितलंच पाहिजे. मार्च १९२० मध्ये करवीर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि शाहू महाराज तिथे आले होते. त्याच वर्षी आंबेडकर लंडनला परतले, त्याच लंडन स्कूलमध्ये. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडलं.

नंतर १९७२ चा दुष्काळ. सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दरम्यान १९७४ मध्ये देशात महागाई वीस टक्क्यांच्या पुढे गेली होती. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या कार्यालयातला कारकून, आधीच महागाईने वाकलेला, पगारपत्रकावरची ती नवी वजावट बोटाने मोजत असेल. त्याच पैशांतून दूर कुठल्यातरी तालुक्यात एक बाई पाझर तलावावर माती वाहत असेल. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. कारकुनाच्या पगारपत्रकावर ती ओळ आजही असते.