वायरशार्क : कमांड लाइनवरून बसवणे आणि काढणे

वायरशार्क हे नेटवर्कवरून ये-जा करणारी पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पकडून त्यांच्या आत काय आहे ते उलगडून दाखवणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते ‘इथरियल’ या नावाने प्रसिद्ध केले. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, पण नावाचा ट्रेडमार्क त्यांच्याकडे नव्हता. त्यामुळे सॉफ्टवेअरचे नव्याने बारसे करावे लागले. ते बसवण्याची आणि काढण्याची रीत प्रत्येक संगणक प्रणालीवर थोडी वेगळी आहे. येथे मुख्यतः डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींचा विचार केला आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलवर अर्थातच त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात.

‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे आणि ‘ॲप्ट’ म्हणजे पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ने पॅकेजांची यादी ताजी करायची आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल वायरशार्क’ द्यायचे. काम सुरू असतानाच टर्मिनल व्यापून एक चौकट समोर येते : सुपरयूझर (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणजेच ‘रूट’) नसलेल्यांना पॅकेट पकडू द्यायची का? आधीपासून निवडलेले उत्तर ‘नो’ असते. घाईत असलेला माणूस न वाचता एंटर दाबतो आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. वायरशार्क उघडते, पण इंटरफेसच्या (नेटवर्क जोडण्यांच्या) यादीत वाय-फाय किंवा इथरनेट दिसतच नाही.

हा प्रश्न विचारण्यामागे कारण आहे. नेटवर्क कार्डावरची कच्ची पॅकेट वाचण्याचा अधिकार लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) सामान्य वापरकर्त्याला देत नाही. सगळे वायरशार्कच रूट म्हणून चालवले तर अडचण सुटते, पण तो उपाय रोगापेक्षा वाईट. शेकडो प्रोटोकॉलांचा (नेटवर्कवरील संवादाच्या नियमांचा) अर्थ लावणारा त्याचा कोड १५ लाख ओळींच्याही पुढे गेलेला आहे. त्यात कुठे चूक असली आणि मुद्दाम बिघडवलेले एखादे पॅकेट नेमके तिथे पोचले, तर हल्लेखोराच्या हाती थेट रूटचे अधिकार पडू शकतात. म्हणून कामाची वाटणी केलेली आहे : पॅकेट पकडण्याचे काम ‘डम्पकॅप’ हा छोटा प्रोग्राम करतो आणि जादा अधिकार फक्त त्यालाच मिळतात, अर्थ लावणारा मोठा पसारा साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवर चालतो.

‘येस’ म्हटले की ‘वायरशार्क’ नावाचा गट तयार होतो आणि डम्पकॅप चालवण्याची मुभा त्या गटापुरती राहते. मात्र आपले नाव त्या गटात आपोआप जात नाही. ‘सुडो यूझरमॉड’, पुढे ‘डॅश ए जी’ (ए लहान, जी मोठा), मग गटाचे नाव आणि शेवटी आपले लॉगिन नाव, अशी आज्ञा द्यावी लागते. यातला लहान ‘ए’ विसरला तर आधीच्या सगळ्या जादा गटांतून नाव उडते. त्यात ‘सुडो’ गटही असतो, म्हणजे चूक सुधारण्याचा अधिकारही हातचा जातो. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते. तोवर डम्पकॅप ‘परमिशन डिनाइड’च म्हणत राहतो. आधी ‘नो’ म्हटले असेल तर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर वायरशार्क-कॉमन’ दिल्यावर तीच चौकट पुन्हा उघडते.

पडदा नसलेल्या सर्व्हरवर ‘टीशार्क’ हे वायरशार्कचे टर्मिनलवर चालणारे पॅकेज पुरते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर ‘ॲप्ट’च्या जागी ‘डीएनएफ’ वापरायचे. विंडोजवर पॅकेट पकडण्यासाठी ‘एनपीकॅप’ हा ड्रायव्हर लागतो. वायरशार्कचा इन्स्टॉलर कमांड लाइनवरून काहीही न विचारता चालवला तर हा ड्रायव्हर बसत नाही, तो वेगळा बसवावा लागतो.

काढताना ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह वायरशार्क’ने प्रोग्राम जातो, ‘पर्ज’ने त्या पॅकेजच्या सेटिंग फायलीही जातात. इथे एक खोच आहे. वर सांगितलेला प्रश्न ‘वायरशार्क’चा नसून सोबत आलेल्या ‘वायरशार्क-कॉमन’ या पॅकेजचा असतो. नुसते वायरशार्क पर्ज केले तर ते मागे राहते, साध्या ‘ऑटोरिमूव्ह’ने (गरज न उरलेली पॅकेजे काढणाऱ्या आज्ञेने) गेले तरी दिलेले उत्तर प्रणालीच्या नोंदीत टिकते. म्हणूनच काढून पुन्हा बसवले तरी चौकट येत नाही आणि जुना ‘नो’ तसाच चालू राहतो. ‘सुडो ॲप्ट पर्ज वायरशार्क-कॉमन’ दिले की ते उत्तरही पुसले जाते. ‘डीपीकेजी डॅश एल’च्या (एल लहान) यादीत एखाद्या नावाआधी ‘आरसी’ ही अक्षरे दिसली, तर प्रोग्राम गेला पण सेटिंग उरली असे समजावे. पॅकेट पकडण्यासाठी लागणारी ‘लिबपीकॅप’ ही लायब्ररी मात्र टीसीपीडम्प हा दुसरा पॅकेट पकडणारा प्रोग्रामही वापरतो. तो बसवलेला असेल तर ऑटोरिमूव्ह तिला हात लावत नाही. विंडोजवरही अनइन्स्टॉलर एनपीकॅप सहसा तसाच ठेवतो, कारण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला तो लागत असेल.

वापरकर्त्याच्या होम फोल्डरला ॲप्ट शिवतही नाही. तिथल्या लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात वायरशार्कच्या प्रोफाइल आणि रंगांचे नियम पडून राहतात. ते हातानेच काढावे लागतात. पकडलेली पॅकेट जतन केलेल्या ‘पीकॅपएनजी’ फायलींचेही तसेच. टेलनेट किंवा साध्या एफटीपी या मजकूर न लपवणाऱ्या प्रोटोकॉलांचा संवाद त्यांत असेल, तर पासवर्ड उघड्या अक्षरांत वाचता येतात.