मोह होणं आणि मोहात पडणं

‘मनात आलं म्हणजे पाप झालंच की!’ मिरजेत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की हे हमखास ऐकू येतं, आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. अहो, मराठीनंच फरक करून ठेवलाय. मोह होतो, मोहात माणूस पडतो. भूक लागणं वेगळं, दुसऱ्याच्या ताटात हात घालणं वेगळं.

(मोह आणि परीक्षा हा घोळ इथे उगाळत नाही. नव्या करारात दोन्हींना ग्रीक शब्द एकच, पैरास्मॉस. कुठं काय घ्यायचं ते संदर्भावरून कळतं.)

माझा मावसभाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, बेरीज दोन हजारांनी कमी पडली. शेतकरी कागदाची घडी घालून खिशात ठेवत होता. ‘याला काय कळतंय’, असं भावाच्या मनात आलं. मग ‘थांबा काका’ म्हणत त्यानं पट्टी परत मागितली, आकडा दुरुस्त केला, पैसे मोजून दिले. आणि त्या रविवारी हा गडी स्वतःला पापी समजून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) न घेता मागच्या बाकावर बसून राहिला! वर एका वडीलधाऱ्यानं त्याला पश्चात्ताप करायला सांगितलं. कशाचा? बायबलात इब्री ४:१५ प्रमाणे ख्रिस्त सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, म्हणजे मोह त्यालाही झाला, तरी निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असेल, तर या वचनाचं काय करायचं?

मग लोक मत्तय ५:२८ पुढे करतात: स्त्रीकडे अभिलाषेनं पाहणाऱ्यानं मनात व्यभिचार केलाच. नीट वाचा. मूळ ग्रीकमध्ये ‘अभिलाषा धरण्यासाठी’ पाहणाऱ्याबद्दल ते आहे. नजर गेली त्याबद्दल नाही, मुद्दाम रोखून धरली त्याबद्दल. याकोब १:१५ मध्येही वासना आधी गर्भवती होते, मग पापाला जन्म देते. सगळा खेळ त्या मधल्या वेळेत. भाऊ ‘जाऊ दे, पुढच्या फेरीला बघू’ म्हणून गप्प बसला असता, तर नोटा गल्ल्यातच राहूनही तो पडलाच होता.

‘सैतानानं करवलं’ म्हणणाऱ्यांनी याकोब १:१४ वाचावं. तिथं ‘स्वतःची’ वासना म्हटलंय.

आणि मोहासमोर तासभर प्रार्थना करत उभं राहणं मला पटत नाही. जुन्या करारातला योसेफ, मालकाची म्हणजे पोटीफरची बायको गळ्यात पडू लागली तेव्हा, तिच्या हातात वस्त्र टाकून पळाला, वाद घालत बसला नाही. भाऊ आता पट्टी शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी मोठ्यानं वाचतो, आकडान् आकडा. शेजारचे हमाल हसतात.