नाव एक, कार्डं दोन: आरटीएक्स ३०५० सहा जीबी की आठ जीबी?

सांगलीत एका दुकानात "३०५० केवढ्याला?" म्हणून विचारलं, आणि तोच प्रश्न पुढच्या दुकानात विचारला, तर दुसरा आकडा बराच खाली येऊ शकतो. गिऱ्हाईक खूश होतं, पहिल्या दुकानदाराला मनातल्या मनात लुटारू ठरवतं. पण दोघांनी दोन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगितलेले असू शकतात, आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. 'जीफोर्स आरटीएक्स ३०५०' या एकाच नावाखाली एनव्हिडियाने डेस्कटॉपसाठी दोन निराळी ग्राफिक्स कार्डं (स्क्रीनवर गेमचं चित्र काढणारी) बाजारात आणली. खोक्यावर वेगळं दिसतं ते फक्त मेमरीचं: एकावर ८ जीबी, दुसऱ्यावर ६ जीबी.

मोबाईल घेऊन घेऊन आपल्याला एक सवय लागली आहे. सहा जीबी रॅमचा घ्या नाहीतर आठचा, आतला प्रोसेसर तोच असतो. इथेही तसंच असेल असं धरून लोक सहावालं उचलतात. दोन जीबीनं काय अडतंय, पैसे वाचले ना! इथे मात्र चिपसुद्धा छाटलेली आहे.

आठ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं. त्यात २५६० कूडा कोअर (चित्राचा हिशेब करणारे चिपमधले छोटे भाग), मेमरीची बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधली वाट, १२८ बिट, आणि वीज लागते १३० वॉट. सहा जीबीचं त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्याचे कोअर २३०४, बस ९६ बिट, वीज फक्त ७० वॉट. बूस्ट क्लॉक, म्हणजे जोरात चालताना चिपचा वेग, १७७७ मेगाहर्ट्‌झवरून थेट १४७० वर उतरवलेला. माझ्या मते याला ३०४० म्हणायला हवं होतं, मग हा लेखच लिहावा लागला नसता. पण २०१६ साली याच कंपनीने जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी असं काढलं, तेव्हाही तीनवाल्याचे कोअर १२८० वरून ११५२ केले होते आणि नाव तेच ठेवलं होतं. खोड जुनी आहे.

बसचं प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सहा हा आकडा तिथूनच येतो. कार्डावर मेमरीच्या दोन-दोन जीबीच्या चिप बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चिपला ३२ बिटची स्वतःची वाट असते. आठवाल्यात अशा चार चिप, म्हणून १२८ बिट. सहावाल्यात तीन, म्हणून ९६. पुणे-सातारा हायवेवर कामासाठी एक लेन बंद असली की काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. गाड्यांचा वेग तोच, पण तासाला सुटणाऱ्या गाड्या कमी. दोन्ही कार्डांवर मेमरी जीडीडीआर६, तीही सारख्याच वेगाची, १४ जीबीपीएसची. तरी एकातून सेकंदाला २२४ जीबी माहिती जाते, दुसऱ्यातून १६८. म्हणजे जागा पाव हिश्श्याने कमी आणि वाहतूकही तेवढीच कमी.

खेळताना हे कितपत जाणवतं? १०८० पीवर सहावालं साधारण पाचव्या हिश्श्याने मागे पडतं, काही गेममध्ये त्याहून थोडं जास्त. आठवाल्यावर जिथे सेकंदाला ६० फ्रेम मिळतात तिथे इथे ४७-४८ धरून चाला. व्हॅलोरंट, सीएस२, जुनं जीटीए ५ एवढंच खेळणार असाल तर हा फरक कागदावरच राहतो. तिथे कार्डाच्या आधी जुना आय५ प्रोसेसर दमतो आणि दोन्ही कार्डं रिकामी बसून असतात. सायबरपंक २०७७ किंवा ब्लॅक मिथ वुकाँगसारखं काही लावलं की पाचवा हिस्सा डोळ्यांना दिसायला लागतो.

मेमरी कमी पडणं हे वेगळंच दुखणं आहे, ते सरासरी फ्रेमच्या आकड्यात नीट पकडलं जात नाही. टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, कार्डात मावले नाहीत की ते मुख्य रॅममध्ये ठेवले जातात आणि लागतील तसे मदरबोर्डच्या स्लॉटमधून आणले जातात. आकडा ५० दाखवत असतो, पण वळणावर मान फिरवली की गेम अडखळतो. त्यात दोन्ही कार्डं स्लॉटच्या आठच लेन वापरतात. बोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.० चा असेल, तर ४.० च्या बोर्डाच्या मानाने ती वाटही अर्धीच मिळते. सहा जीबीवर टेक्श्चर 'मीडियम'ला ठेवले तर बऱ्याच गेममध्ये निभावतं. पण इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस या गेमनी किमान गरज म्हणून आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबी असंच लिहून टाकलं आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांतले मोठे गेम खेळायचा बेत असेल तर हे ध्यानात असू द्या.

इथवर वाचून वाटेल की मग सहावाल्याचा विषयच संपला. तसं नाही. आपल्या भागात ते खपायला एक भक्कम कारण आहे, आणि ते गेममध्ये नसून एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात आहे.

सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही बघा, कॉलेजच्या पोराचा पहिला 'गेमिंग पीसी' बऱ्याचदा कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप असतो. चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, कॅबिनेट काळं आणि सडपातळ. दुकानाच्या काउंटरवर मग असा संवाद होतो:

"काका, ३०५० द्या. आठ जीबीचं."

"सीपीयू आणलायस का?"

"नाही, फोटो आहे मोबाईलमध्ये."

फोटो मोठा करून बघितला तर एसएमपीएसच्या स्टिकरवर २४० वॉट. वायरी मोजून तीन-चार, एक बोर्डाला, एक प्रोसेसरला, बाकीच्या हार्डडिस्कच्या.

"आठ पिनांची वायर कुठाय यात?"

"ती... नसती का?"

"नाही ना. मग आठ जीबीचं नेऊन काय देव्हाऱ्यात ठेवणार?"

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. सहा जीबीचं कार्ड ७० वॉटमध्ये भागवतं, म्हणून त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवरची वायर लागतच नाही. स्लॉटमध्ये बसवलं, स्क्रू आवळला, झालं. आठवाल्याला १३० वॉट हवेत, त्यामुळे वरून बहुधा आठ पिनांची जोडणी लागते. ती नसेल तर एसएमपीएस बदलणं आलं. ऑफिसच्या डेस्कटॉपात तेही सरळ नसतं. बोर्डाकडे जाणारा प्लग अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, मग कन्व्हर्टर शोधा. एसएमपीएसचा आकारही निराळा, मग कॅबिनेट बदला. असं करत करत सस्तातला पीसी महागात पडतो.

यावर हुशार पोरं एक उपाय काढतात: हार्डडिस्कच्या साटा वायरीला आठ पिनांचं अडॅप्टर लावायचं. ते करू नका. साटाचा प्लग १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉटसाठी बनवलेला असतो. तो वितळतो, आणि वितळताना शेजारच्या वायरींनाही सोबत घेतो. 'लोकल ४५० वॉट' एसएमपीएसवरही माझा फारसा विश्वास नाही. स्टिकर छापायला वॉट लागत नाहीत.

कॅबिनेट सडपातळ असेल तर आणखी एक गोष्ट बघायची. सहावाल्यात कमी उंचीची, लो-प्रोफाइल मॉडेलं मिळतात. घेताना त्याची छोटी पट्टी (कार्ड कॅबिनेटला स्क्रूने धरून ठेवणारी) खोक्यात आहे का ते तिथेच उघडून बघा. पट्टी नसेल तर कार्ड बसतं पण लोंबकळतं.

विजेच्या बिलाची बचत मात्र लोक उगाच फुगवून सांगतात. ६० वॉटचा फरक, रोज चार तास खेळलं तर महिन्याला सातेक युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले तरी सत्तर रुपये, म्हणजे दोन-तीन वडापाव. यूपीएसवर परिणाम जास्त होतो. घरात साधा ६०० व्हीएचा यूपीएस असतो आणि तो वॉटमध्ये साधारण ३६० चा भार घेतो. दुपारी लाइट गेली तर ७० वॉटच्या कार्डासोबत गेम सेव्ह करून शांतपणे बंद करायला वेळ मिळतो. आठवाल्यावर तोच यूपीएस, त्यातून बॅटरी जुनी असेल तर, लाइट जाताक्षणी मान टाकू शकतो. आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये बंद कॅबिनेटमध्ये ६० वॉट कमी तापणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

आता पैशाचं. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून आकडा न देता हिशेब देतो. कामगिरी पाचव्या हिश्श्याने कमी आहे, तर किंमतही निदान तेवढी कमी हवी. आठवाल्याच्या किमतीला ८० टक्क्यांनी गुणा. सहावालं त्याच्या वर मागत असतील आणि तुमच्याकडे चांगला एसएमपीएस असेल, तर त्याच्याकडे बघूही नका. एसएमपीएस नसेल तर आठवाल्याच्या किमतीत नवा एसएमपीएस, कन्व्हर्टर आणि लागलं तर कॅबिनेट मिळवा, मग तुलना करा. या दुसऱ्या हिशेबात सहावालं बहुतेक वेळा जिंकतं. एरवी हरतं.

जीटीएक्स १६५० सोबत तुलना करणाऱ्यांसाठी एवढंच: ३०५० सहा जीबी त्याच्याहून वेगवान आहे, मेमरी दोन जीबी जास्त आहे, आणि डीएलएसएस चालतं, जे १६५० वर नाही. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारं हे तंत्र दोन्ही ३०५० वर आहे. जादा फ्रेम रचणारं डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन मात्र दोन्हींवर नाही, ते ४० मालिकेपासून सुरू झालं. आणि चांगला एसएमपीएस असलेल्याने मुळात ३०५० वर अडून बसू नये. एएमडीचं आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड १३२ वॉटच घेतं, मेमरी ८ जीबीच, आणि साध्या गेमिंगमध्ये आठवाल्या ३०५० ला स्पष्टपणे मागे टाकतं. डीएलएसएस नाही आणि रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या काढण्यात, ते लंगडं आहे. पण ३०५० वर रे ट्रेसिंग लावून खेळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सेकंडहँड घेणार असाल तर तारखा कामाला येतात. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं दिवसरात्र राबवून नाणी कमावणं, सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. सहावालं आलं २०२४ मध्ये, त्यामुळे त्या धंद्यात ते राबलेलं असणं शक्यच नाही. आठवाल्यावर कंपनीने मायनिंगला आळा घातलेला होता, तरी एकदा पंखे फिरवून आणि थर्मल पेस्टची (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या लेपाची) अवस्था विचारून घ्यायला काय हरकत आहे? २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलेल्या आपल्या भागात मी कार्डाच्या पट्टीवरचा गंजही बघतो. स्क्रूच्या भोकाशी तांबूस कडा दिसली की पुढचं बोलणं बंद.

लॅपटॉपवाल्यांचा घोळ आणखी वेगळा. तिथे ३०५० चं ४ जीबी आणि ६ जीबी असं आहे, आणि तिथलं ६ जीबी हे वरचढ: २५६० कोअर, तर चारवाल्यात २०४८. "३०५० सहा जीबी भारी आहे" असं एखाद्या व्हिडिओत ऐकून कुणी डेस्कटॉपचं कार्ड आणतो तो इथेच फसतो. व्हिडिओ लॅपटॉपचा होता.

बिलावर नुसतं 'आरटीएक्स ३०५०' लिहून घेऊ नका. मेमरीचा आकडा आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, वॉरंटीलाही तेच लागतं. घरी आल्यावर जीपीयू-झी हा फुकटातला प्रोग्राम उघडायचा आणि दोन रकाने बघायचे, 'शेडर्स' (म्हणजे कोअर) आणि 'बस विड्थ'. आठवाल्यात २५६० आणि १२८ बिट, सहावाल्यात २३०४ आणि ९६ बिट. चिपच्या नावावर जाऊ नका, कारण आठवालं पुढे जीए१०७ चिपवरही निघालं आणि सहावाल्यातही तीच चिप आहे. बिलावर आठ आणि स्क्रीनवर २३०४ दिसलं, तर कार्ड काढून खोक्यात घाला आणि दुकान बंद व्हायच्या आत परत न्या.