रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड? नाही!

"टायर रुंद टाका, यवतेश्वर घाटात गाडी रस्त्याला चिकटून चालेल," असं साताऱ्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कोरड्या वळणावर त्यात थोडं तथ्य आहे. पण कासला आपण जातो ते पावसाळ्यात, आणि तिथे हाच सल्ला उलटतो.

गाडीचं वजन तेवढंच राहतं. हवेचा दाबही तोच ठेवला, तर रस्त्याला टेकणाऱ्या ठशाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही; तो रुंदीला वाढतो आणि लांबीला आखूड होतो. म्हणजे समोरचं जास्त पाणी कमी वेळात बाजूला सारायचं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. हा अनुभव कुणालाच येऊ नये. ओल्या रस्त्यावर खरी पकड देतात त्या खोल खाचा आणि चांगलं रबर. कायद्याने खाच झिजून 1.6 मिमी खोल उरेपर्यंत टायर चालतो. मी 3 मिमीलाच टायर बदलतो.

मोठं अलॉय चाक हवंच असेल तर टायरचा बाहेरचा व्यास जपा. समजा मूळ टायर 185/65 आर15 आहे, म्हणजे रुंदी 185 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची; त्याचा व्यास सुमारे 622 मिमी. 195/55 आर16 चा 621, म्हणजे जवळपास तोच. पण 205/65 आर15 टाकलात तर तो 648 वर जातो, स्पीडोमीटर सुमारे 4 टक्के कमी वेग दाखवू लागतो आणि वळताना टायर आतून घासू शकतो. टायरवरचा भार-निर्देशांकही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, विशेषतः घरची पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढणार असाल तर.