सायकलचं वय कुठे मोजायचं?

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीपासून थेट खानापूर-जांबोटीपर्यंत, घरात मोटरसायकल आली म्हणून जुनी सायकल कुणी लगेच विकत नाही. ती गोठ्यात आढ्याला टांगली जाते, नाहीतर पडवीत जळणाच्या मागे उभी केली जाते. मग कधीतरी पोरगं हायस्कुलात जातं किंवा वडिलांची साखर वाढल्याचं डॉक्टर सांगतात, आणि सायकल खाली उतरते. धूळ झटकली की पहिला प्रश्न, "हिच्यावर पैसे घालायचे की सरळ नवी घ्यायची?" आणि लगेच दुसरा, "किती वर्षांची झाली गं ही?"

दुसरा प्रश्न सोडून दिला तरी चालेल. तीस वर्षांची सायकल ठणठणीत असू शकते आणि सहा वर्षांची मोडीत काढायच्या लायकीची. सायकलला एकच एक वय नसतंच. तिचे काही भाग झिजतात, काही गंजतात, काही थकतात, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. झिजलेलं बदलता येतं. गंजलेलं बघून ठरवावं लागतं. थकलेलं मात्र बाहेरून दिसत नाही, आणि खरा निर्णय तिथेच अडतो.

झिजण्याचं काम चेनवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. चेन सैल पडली की ती ताणली गेली असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांवर घासून केसाच्या जाडीएवढं झिजतं. असे शंभरावर जोड असतात, त्यामुळे सगळी झीज मिळून चेन लांबते. आपल्याकडची तांबडी माती यात भरच घालते. जांभ्याच्या मातीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. चेनला गॅरेजमधलं जळकं ऑईल चोपडायची सवय आपल्याकडे फार. त्या चिकट ऑईलमध्ये हे कण रुतून बसतात आणि पायडल मारणारा स्वतःच चेन घासून संपवत राहतो. खोबरेल घालणारेही मी पाहिलेत. ते 24-25 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी त्याचा उपयोग शून्य. चेन रॉकेलने धुवायची, कोरडी करायची, प्रत्येक जोडावर पातळ मशीन ऑईलचा एकेक थेंब सोडायचा आणि बाहेरचं पुसून टाकायचं. एवढं पुरतं.

चेन संपली की नाही हे मोजून कळतं. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे 24 जोडांचे बरोबर 12 इंच, 304.8 मिलिमीटर. लोखंडी टेप लावून मोजा. 308 मिलिमीटर भरले तर झीज एक टक्क्यावर गेली, चेन बदला. तशीच चालवली तर तिच्या वाढलेल्या मापाने फ्री व्हीलचे दातही झिजतात. मग नवी चेन घातली तरी ती दातांवरून निसटते आणि एका खर्चाचे दोन होतात.

हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागातल्या, छऱ्यांचंही असंच. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे ओझं दुप्पट केलं की आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. पहाटे दुधाचे कॅन अडकवून शहरात येणाऱ्या सायकलचा मागचा हब सारखा का जातो, याचं उत्तर या एका गणितात आहे. छरे स्वस्त असतात. छरे ज्यांच्यामध्ये फिरतात त्या कोनावर आणि कपात खड्डे पडले असतील तर नुसते छरे बदलून काही साधत नाही, तेही बदलावे लागतात. पण हा सगळा खर्च किरकोळ. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छरे, कोन, चेन, कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर पक्का धरणारी खीळ) यांच्यासाठी कुणी सायकल मोडीत काढत असेल तर तो घाई करतोय.

हे सामान इतकं सहज का मिळतं, हेही बघण्यासारखं आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा आराखडा ब्रिटिश रोडस्टरचा, आणि तो जवळजवळ गोठून राहिलेला. 28 इंची चाक, पुढे 32 आणि मागे 40 स्पोक, अर्धा इंच मापाची चेन, कॉटर पिनचा क्रँक. कंपनी कुठलीही असो, माप तेच. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला, तरी ॲटलसवाल्यांचं काही अडलं नाही. दुसऱ्या कंपनीचा हब तिथे मुकाट्याने बसतो. 2006-07 पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना ज्या बिनगिअरच्या सायकली वाटल्या, त्यांचंही सुटं सामान असंच गावातल्या दुकानात मिळतं. अगदीच नाही मिळालं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवर बुश करून घेता येतं. याउलट गिअरच्या, शॉकअपच्या सायकलींत माप बदलत राहतं. आठ वर्षांपूर्वीचा गिअर सेट आज शोधायला गेलात तर दुकानदार नवी सायकल दाखवतो. स्वस्तातल्या सायकलीचा शॉकअप तर दुरुस्त करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो पहिल्या दिवशीही फारसं काम करत नसतो.

आता गंज. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाणी म्हणजे पाऊसच असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि तेवढा पुरतो. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीत मात्र हात आखडूनच. जिल्हा एक, पण एकाच कंपनीच्या, एकाच साली घेतलेल्या दोन सायकली या दोन टोकांना वेगवेगळ्या रीतीने म्हाताऱ्या होतात.

वरवरचा तांबूस थर बघून घाबरायचं कारण नाही. मडगार्ड, कॅरिअर, चेन कव्हर गंजून जाळी झाले तरी सायकल चालते. काळजी आतल्या गंजाची. पावसाचं पाणी सीटच्या पाइपातून आत शिरतं आणि फ्रेमच्या सगळ्यात खालच्या जागी, क्रँकच्या एक्सलभोवती साठतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, त्यामुळे आतून पोपडे सुटतात. सीटचा पाइप काढून फ्रेम उलटी करा. तांबडी भुकटी बाहेर आली तर प्रश्न आहे. चमच्याच्या दांड्याने नळी वाजवत खालपर्यंत या, आवाज मध्येच बद्द झाला तर जास्तच आहे. युरिया-पोटॅशची पोती कॅरिअरवरून नेणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. खताचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात आणि पोटॅशमधलं क्लोराइड गंजाला चालना देतं.

गोठ्यात टांगलेल्या सायकलीची गोष्ट आणखी वेगळी. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जात. त्याचा उलगडा 1921 मध्ये झाला. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेत राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. स्पोक रिमला घट्ट धरणारे निपल बऱ्याचदा पितळेचे असतात, आणि ते कायम ताणाखालीच असतात. गोठ्यातून उतरवलेल्या सायकलीच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला घेतला की निपल टपाटप तुटतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. सायकल टांगायचीच तर जनावरांपासून लांब टांगा.

आणि थकवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात आगगाड्यांचे आस अचानक तुटत होते, ओझं मर्यादेत असूनही. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने 1850 आणि 60 च्या दशकांत प्रयोग करून दाखवलं की एका मोठ्या भाराने धातू तुटतो तसाच तो लहान भार लाखो वेळा येऊन-जाऊनही तुटतो. सायकलच्या चाकाचं उदाहरण घ्या. 28 इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण 450 फेरे. प्रत्येक फेऱ्यात स्पोक खाली आला की त्याचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. गावातून बेळगावला जाऊन-येऊन 20 किलोमीटर होत असतील तर दिवसाला 9,000 हेलकावे, वर्षाचे 300 दिवस धरले तर 27 लाख. स्पोक मधोमध तुटत नाही, हबपाशी वाकवलेला असतो तिथेच तुटतो, कारण ताण त्या वळणावर एकवटतो. सैल स्पोक घट्ट स्पोकच्या आधी जातो, हे मात्र ऐकणाऱ्याला पटत नाही. सैल असला की तो प्रत्येक फेऱ्यात पूर्ण मोकळा होतो आणि पुन्हा ओढला जातो, म्हणून.

पोलादात एक मोठा गुण आहे. भार एका ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला, तर ते कितीही कोटी हेलकावे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही. त्याची फ्रेम हलकी असते, पण हिशेब कधीतरी संपतोच. आपल्या जाड पोलादी फ्रेम दोन-दोन पिढ्या चालतात त्या यामुळे. पण ही सवलत कोरड्या, धड पोलादालाच असते. गंजाने पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडले की ताण त्या खड्ड्यांच्या तळाशी गोळा होतो, आणि ओल्या, क्षारट वातावरणात ही मर्यादाच उरत नाही. नुसता गंज परवडतो, नुसतं ओझंही परवडतं. दोन्ही एकाच सायकलीवर असतील तर तिचं वय झपाट्याने सरतं. मास्तरांची शाळेत जाणारी सायकल आणि पावसाळाभर दूध वाहणारी सायकल यांना एकच नियम लावून चालत नाही, ते यासाठी.

तडा कुठे शोधायचा? पुढचं चाक धरणारा चिमटा हँडलच्या नळीला मिळतो तिथे, फ्रेमच्या मानेखालच्या नळीवर, क्रँकच्या एक्सलभोवती, मागच्या एक्सलपाशी आणि क्रँकवर पायडलच्या भोकाशी. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून तांबूस पाझर दिसला की संशय घ्यायचा. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी वापरत ती तपासणी घरीही जमते. जागा खरवडून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उतरून काळसर रेघ उमटते. वर्कशॉपात तंत्रज्ञ आज रंगीत द्रव वापरून करतात ते हेच. चिमट्याची तपासणी मात्र तो बाहेर काढूनच होते, कारण तडा सहसा झाकलेल्या भागात असतो, आणि चिमटा तुटला तर माणूस तोंडावरच पडतो.

चिमट्याला तडा असेल तर नवा चिमटा घाला, त्याला जोड देत बसू नका. फ्रेमला तडा असेल तर दुकानातला मामा म्हणेल, "वेल्डिंग मारून सोडतो की, दहा वर्षं बघायला नको." तो खोटं बोलत नाही, पण जोड टिकतो आणि शेजार तुटतो हे खरं. जुन्या फ्रेमच्या नळ्या पितळ वितळवून, सुमारे 900 अंशांवर जोडलेल्या असतात. विजेच्या वेल्डिंगमध्ये पोलाद स्वतः वितळतं, म्हणजे साधारण 1,500 अंश. पातळ नळीत वेल्डच्या कडेला धातूची घडण बदलते आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. गल्लीतल्या गल्लीत फिरायचं असेल तर चालेल. पोतं, दूध किंवा मागे बसलेलं मूल न्यायचं असेल तर माझ्या मते ती फ्रेम संपली.

फ्रेम आणि चिमटा धड असतील तर उरतो पैशांचा हिशेब, आणि तो बहुतेक घरांत चुकतो. "सायकल विकली तर हजार येणार नाहीत, आणि दुरुस्तीला अडीच हजार?" असं म्हणतात. विक्रीच्या किमतीचा इथे फारसा संबंध नाही. समजा नवी साधी सायकल 7,000 रुपयांची आणि ती दहा वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला 700. जुनीवर 2,500 घालून ती आणखी पाच वर्षं चालणार असेल तर वर्षाला 500, दुरुस्ती स्वस्त. दोनच वर्षं चालणार असेल तर 1,250, नवी स्वस्त. गेल्या वर्षी टायरांवर काय घातलं ते या हिशेबात धरायचंच नाही. तो पैसा दोन्ही बाजूंनी गेलेलाच आहे.

पर्यावरणासाठी जुनीच चालवा, असंही सांगतात. थोडा हिशेब मांडू. एक टन पोलाद बनवताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे 20 किलोच्या सायकलीमागे सुमारे 40 किलो. रबर, रंग, वाहतूक वेगळी. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर. म्हणजे सायकलीचं पोलाद सुमारे 17 लिटर पेट्रोलइतकं, स्कूटरवर आठशेएक किलोमीटर. रोज 20 किलोमीटर स्कूटरऐवजी सायकलने गेलात तर नव्या सायकलीचा हा बोजा चाळीसेक दिवसांत फिटतो. त्यामुळे दुरुस्त केलेली पण ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून भिंतीला टेकून राहिलेली सायकल पर्यावरणाच्या काही कामाची नाही.

मोडीत घालायची ठरलीच तर हब, क्रँक, सीट, स्टँड, कॅरिअर काढून ठेवा. माप तेच असल्याने कुणाच्या तरी सायकलीला बसतील. फ्रेम भंगारातून शेवटी कुठल्या तरी भट्टीत जाईल आणि वितळलेलं पोलाद पुन्हा कामाला येईल. मात्र तडा गेलेली फ्रेम अख्खी देऊ नका. करवतीने मधोमध कापून द्या, नाहीतर तड्यात लांबी (पुट्टी) भरून, वर काळा रंग मारून ती सेकंडहँड म्हणून पुन्हा विकली जाते.