संत्रा घाबरून फुलत नाही

विदर्भातल्या वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) संत्र्याचं पाणी तोडलं की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते : झाडाला मरणाची भीती वाटते, म्हणून वंश टिकवायला ते फुलतं. ऐकायला झकास आहे, पण झाडाच्या आत असं काही घडत नाही.

संत्र्याच्या पानाच्या बेचक्यात डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा असते. त्यातून नवती (कोवळी पालवी) निघणार की कळी, हे पानांत तयार होणाऱ्या एका प्रथिनावर ठरतं. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1937 मध्ये या अज्ञात संदेशाला ‘फ्लोरिजेन’ नाव दिलं. ‘एफटी’ नावाचं प्रथिन म्हणजेच तो संदेश, याचे भक्कम पुरावे मिळायला 2007 उजाडलं. लिंबूवर्गात एफटीचं जनुक दोन गोष्टींनी जोर धरतं : काही आठवडे 20 अंशांखालची थंडी आणि पाण्याचा ताण. पानात बनलेलं एफटी रसवाहिन्यांतून डोळ्यापर्यंत पोचतं, तिथे ‘एफडी’ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि फुलाची जनुकं चालू करतं. एरवी पानं काढणारं टोक मग पाकळ्या-केसर घडवायच्या तयारीला लागतं. झाडावर जुनी फळं असली की हेच जनुक दबतं. चढ्या भावाच्या आशेने जानेवारीपर्यंत माल राखला, तर पुढची फुलांची फूट कमी येते ती यामुळे.

म्हणजे निर्णय ताणातच होतो. नंतरचं पाणी फक्त डोळे उघडतं.

ताण किती द्यायचा, हे जमीन ठरवते. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो, भारीत दीड-दोन महिने लागतात. पानं मलूल होऊन साधारण 25 टक्के गळली की थांबायचं. पुढे ताणलं तर शेंडेमर, म्हणजे फांद्या शेंड्याकडून वाळतात. पंचांगात मुहूर्त शोधू नका, संक्रांत सगळ्यांची एकाच दिवशी येते आणि ताण प्रत्येक वावरात वेगळा बसतो.

खोल काळ्या मातीत ओल हटत नाही. तिथे 50 टक्के क्लोरमेक्वाट क्लोराईड लिटरला 2 मिली, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारायची शिफारस आहे. ते झाडातलं जिबरेलिन बनणं रोखतं, आणि जिबरेलिन हे लिंबूवर्गात फुलाच्या मुळावर उठणारं संप्रेरक. त्यामुळे ताणाच्या काळात जिबरेलिक आम्लाची फवारणी म्हणजे पदरचे पैसे घालून कळ्या मारणं. डब्यावर घटक न छापलेलं ‘फूट काढणारं’ टॉनिक म्हणूनच हातात धरू नये.

ताण अर्धवट असताना अवकाळी पाऊस आला तर डोळे आधीच उघडतात आणि नुसती नवती निघते. वरून खत टाकून तिचं फूल होत नाही.

ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, तीन-चार दिवसांनी दुसरं, मग नियमित. एकदम तुडुंब भरलं तर कळ्या गळतात. नवती दिसताच शेंड्याची मिटलेली पानं उकलून भिंगाने बघावीत : सायला ही रस शोषणारी कीड आपली पिवळी अंडी तिथेच घालते, आणि पिल्लं रस शोषू लागली की कोवळ्या कळ्याही गळतात.